देवीपुढची दोन पिस्तुलं

घाबरू नका, मित्रांनो, जवळ या. मी सिनेमातलं एक जुनं पिस्तूल. माझ्या नळीतून आजवर धूर पुष्कळ निघाला, गोळी मात्र एकही निघाली नाही.

कोडंबाक्कम या सिनेमावाल्यांच्या वस्तीतल्या एका स्टुडिओमागे वेलायुधम अण्णांचं सामानाचं गोदाम आहे. माझा जन्म तिथला. अण्णांनी खऱ्या रिव्हॉल्वरचं चित्र समोर ठेवलं, ओल्या वाळूत साचा केला आणि अॅल्युमिनियमची फुटकी पातेली वितळवून मला ओतलं. मूठ फणसाच्या लाकडाची, वरून काळा रंग. म्हणजे मूळचं मी कुणाच्या तरी घरचं सांबाराचं भांडं. पण रंग वाळल्यावर अण्णांच्या बायकोनं, सेल्लम्मा अक्कांनी, मला बघितलं आणि दचकून पदर तोंडाला लावला. मला फार भारी वाटलं. नळीत धुमसता कापूस आणि चिमूटभर धूप ठेवला की झकास धूर येई. आवाज मागाहून चिकटवत.

पडद्यावर मी काय नाही केलं? मला गोळ्यांची घरं सहाच, पण नायक विजयरंगन सर माझ्यातून अख्खी टोळी आडवी करायचे आणि मध्ये कुणी गोळ्या भरायचंही नाही. थिएटरात कोण मोजत बसतंय? घोडा उधळलेला, सर मागे न बघता चाप ओढायचे, तरी गोळी नेमकी फासाच्या दोराला लागायची. माझा नुसता आवाज झाला की कुलूप गळून पडायचं. आणि ज्याला गोळी लागे, तो उडून थेट मागच्या पिंपांवर जाऊन पडे. हा उडणारा बहुधा एळुमलै असायचा.

एळुमलै म्हणजे मरण्यातला उस्ताद. त्याचं घर या मरण्यावरच चालायचं.

"अरे, एवढ्याशा गोळीनं माणूस इतका उडतो होय?" अण्णा त्याला विचारत.

"अण्णे, तुम्ही पातेली वितळवा, मरायचं माझ्यावर सोडा. नुसता खाली बसलो तर लोक म्हणतील, उन्हानं चक्कर आली."

विजयरंगन सरांचं नाव झालं ते मात्र मला फिरवण्यामुळे. गोळी झाडण्याआधी ते मला एका बोटावर गरागरा फिरवत, मग चाप, मग नळीवर हलकी फुंकर. मी फिरू लागलं की थिएटरात शिट्ट्यांनी कानठळ्या बसत. मी वजनाला हलकं म्हणून फिरायचं, हे मला कळत नव्हतं. मला वाटे, हे माझंच कसब. खरी पिस्तुलं माझ्यापुढं पाणी भरतील असा माझा तोरा होता.

अशात आयुधपूजा आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी स्टुडिओतलं काम बंद. कॅमेरे, करवती, रंगभूषेचे ब्रश, पुठ्ठ्याच्या तलवारी, सगळं देवीपुढं मांडलेलं. अण्णांनी मला अगदी मधोमध ठेवलं. सरांना बघायला येणारी गर्दी आवरायला तेव्हा फाटकावर तनिकाचलम नावाचे फौजदार असत. तेही भक्तिभावानं आत आले आणि कमरेचं रिव्हॉल्वर काढून त्यांनी माझ्या शेजारी ठेवलं.

"साहेब, गोळ्या?" अण्णांनी विचारलं.

"आत आहेत."

"काढून ठेवा की."

"गोळ्या काढल्यावर ते आयुध कसलं? नुसतं लोखंड राहील. पूजा करायची तर पुरती करू. मी इथंच दारात बसतो ना."

पोलिसाशी कोण वाद घालणार? शिवाय पूजेतल्या आयुधाला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही, ही इथली रीत. अक्कांनी आम्हा दोघांना चंदनाचा लेप दिला, कुंकू लावलं, वर झेंडूची फुलं. अक्कांचा हात सढळ. आम्ही दोघं सख्ख्या भावंडांसारखी पिवळीधमक झालो.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाली, चुरमुरे आणि डाळं वाटून झालं. तनिकाचलम साहेबांनी देवीला वाकून नमस्कार केला आणि मला उचलून कमरेच्या कातडी खोळीत सरकवलं. मी ओरडणार कसं? माझा आवाज तर मागाहून चिकटवतात.

आणि दसऱ्याचा पहिला शॉट नायकाचा. त्यानं आपलं आयुध देवीच्या पायापासून स्वतःच्या हातानं उचलायचं, तो शॉट होईपर्यंत अण्णांनीसुद्धा शिवायचं नाही, नळीत कापूसही भरायचा नाही. सर आता काय उचलणार, ते मला खोळीत बसून कळत होतं.

साहेब रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसले. "काय ही अक्कांची भक्ती," असं पुटपुटत त्यांनी फडक्यानं लेप पुसायला घेतला. फडक्यावर काळा रंग आला. खाली पातेलं चमकलं. साहेबांच्या हातातला पेला तिथंच सुटला, आणि मला मुठीत धरून ते धावत सुटले.

फाटकावर ही गर्दी. खाकीतला माणूस पिस्तूल घेऊन धावतोय म्हटल्यावर लोकांनी शिट्ट्यांनी रस्ता दणाणून सोडला.

"बाजूला व्हा रे, आत खरं पिस्तूल गेलंय. माणूस मरेल."

"आवाज बरा आहे. नवे खलनायक का हो तुम्ही?"

"साहेब, एकदा बोटावर फिरवून दाखवा, मग सोडतो."

"अगं, घाम बघ कसा लावलाय," एक आजीबाई सुनेला म्हणाल्या. "खरा वाटतोय की नाही?"

मित्रांनो, पिस्तूल म्हणजे काय, हे या लोकांना मीच शिकवलं होतं. गंमत म्हणून शिकवलं होतं. आता तेच आडवं आलं. आत एळुमलै कुणापुढं उभा असेल, या विचारानं मला मिळालेल्या एकेका शिट्टीची लाज वाटली.

शेवटी साहेब विटांच्या ढिगावर चढले आणि कुंपणावरून आत पडले. विजार फाटली. बाहेर टाळ्या.

आत काय चाललं होतं, ते अण्णांनी नंतर कितीदा तरी सांगितलं. उचलतानाच सर म्हणाले होते, "रात्रभर देवीचा प्रसाद खाऊन बराच जड झालाय गडी." सगळे हसले. एळुमलै पिंपांपुढं छाती काढून उभा राहिला, सरांपासून हातभर अंतरावर. सरांनी पिस्तूल बोटावर फिरवायला घेतलं, तर ते फिरेना. अर्ध्यात लटकायचं. पुन्हा शॉट, पुन्हा तेच. सरांचं बोट सुजलं. दिग्दर्शक हटून बसले, "फिरवल्याशिवाय गोळी नाही. लोक पडदा फाडतील."

"सर, मारायचं तर मारा एकदाचं," एळुमलै म्हणाला. "तिकडं इडल्या गार होतायत."

"जाऊ दे," सर म्हणाले. "या वेळी फिरवतच नाही." आणि त्यांनी नेम धरला.

तेवढ्यात दारातून साहेबांची किंकाळी आली, "सर, ते माझं आहे."

सरांचा हात तसाच राहिला. साहेबांनी त्यांचं बोट चापावरून हळूच काढलं, पिस्तूल उघडलं आणि गोळ्या तळहातावर ओतल्या. एळुमलैनं त्या गोळ्यांकडं बघितलं आणि तो नुसता खाली बसला. ना हात पसरले, ना गिरकी.

दिग्दर्शक म्हणाले, आज काम पुरे. एळुमलैनं मान हलवली. "आज उठून घरी गेलो, तर पुन्हा पिस्तुलापुढं उभं राहायची छाती होणार नाही. मग पोरं काय खातील? मला आजच मारा. पण त्यानं." त्याचं बोट माझ्याकडं होतं.

अण्णांनी माझ्या उघड्या पडलेल्या जागेवर काजळी फासली. सरांनी सुजल्या बोटावर मला फिरवलं, आणि मी फिरलं. धूर आला. एळुमलै उडाला, पिंपांवर आदळला, मेला. इथं अशी रीत आहे की मेलेल्यानं कॅमेरा बंद होण्याआधी त्यात बघून हसायचं, म्हणजे ते मरण खोटं ठरतं. कॅमेरा चालू होता. एळुमलै पडून होता. अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग पिंपांमधून आधी त्याचं एक खोकणं आलं, आणि पाठोपाठ तो जो हसायला लागला, तो थांबेचना. सर त्याच्या शेजारी जमिनीवर बसून रडत होते.

आता नवी पिस्तुलं रबराची असतात. मी गोदामातल्या खिळ्याला लटकून आहे, रंग उडालाय. अक्का सणासुदीला पुसतात, तेवढंच. एक मागणं मात्र आहे. माझ्यासारखं काही कुठं पडलेलं दिसलं, तर खरं की खोटं हे ठरवायला जाऊ नका. तिथं फौजदारही फसले. हात मागे ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना बोलवा. पडद्यावर बघा खुशाल, शिट्ट्याही मारा.

आणि माझी कीव करू नका. मी शेकडो माणसं मारली, आणि त्यातला प्रत्येक जण संध्याकाळी आपल्या घरी जेवायला गेला. इतकं भाग्यवान पिस्तूल दुसरं असेल, असं मला वाटत नाही.