स्पीड गन आणि हारुनचा रोजा

मित्रांनो, दिसायला पिस्तुलासारखी, पण जन्मात एकही गोळी न झाडलेली अशी मी एक म्हातारी स्पीड गन आहे. माझं तोंड चेंडूकडे केलं, की त्याचा वेग माझ्या पाठीवर उमटतो. बाकी मला काही येत नाही. तेवढ्यावरच मी आयुष्यभर मिरवले.

शारजात राजाभाऊंच्या क्रिकेट अकादमीत माझे फार लाड झाले. "मशीन बोललं ना? मग खलास!" असं ते म्हणायचे. पुढे २००८ची मंदी आली. मुलांच्या आईवडिलांच्या नोकऱ्या गेल्या, घरं रिकामी झाली आणि अकादमीला टाळं लागलं. दुबईच्या करामा भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मी वर्षानुवर्षं धूळ खात पडले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं.

मग दुबईत व्यावसायिक बेसबॉलचा एक नवा संघ निघाला. यंत्रं अपुरी होती, म्हणून संघाचे आकडे सांभाळणारा पुण्याचा सुजीत मला घेऊन गेला आणि मी पुन्हा भाव खाऊ लागले.

त्या संघात हारुन पिचर होता, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. दुपारच्या सरावात त्याचा वेग रोज थोडा थोडा उतरू लागला. मी खोटं सांगत नव्हते. सुजीतने आलेख काढला आणि हारुनला वगळायचं ठरवलं. संघातून नाव गेलं, की नोकरी जाणार आणि पाठोपाठ व्हिसाही.

संध्याकाळी सुजीतची बायको मुग्धा त्याला न्यायला आली. आलेख पाहून ती उखडलीच.

"अरे, रमजान चालू आहे! संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊनसुद्धा तुला दुपारी लॅपटॉपची बॅग जड होते. तो तर पाणीही पीत नाही."

"पण डेटा क्लिअर आहे गं."

"मग तुझा चतुर्थीचा डेटा पाठवू का बॉसला?"

सुजीत ओशाळला. उठून हारुनकडे गेला. "भाई, बताया क्यों नहीं?"

"बोलता तो बहाना लगता, सर."

निर्णय ईदनंतरवर गेला. ईदनंतर हारुन मैदानात उतरला, तेव्हा सुजीतने मला पिशवीतच ठेवलं. फलंदाजांच्या बॅटी नुसत्या हवेत फिरत होत्या, हे मला आतून आवाजावरून कळलं. हारुन संघात राहिला. खरं सांगते, मला जरासुद्धा राग आला नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा. वेग विचाराल तर आजही अचूक सांगेन. पण "जेवलास का रे?" हे मला विचारता येत नाही. ते तुम्हीच विचारायचं, आणि माझ्या आधी विचारायचं.