मधलं बोलणं

"श्वास घ्या. पूर्ण घ्या. आता धरून ठेवा, हलू नका."

छाती टेकवून उभा असलेला म्हातारा हलला, वळला आणि काचेकडे बघत म्हणाला, "काही म्हणालात का?"

फोटो वाया गेला. सकाळपासूनचा हा तिसरा. एक्स-रे काढणारा ठोक्या सव्वीस वर्षं या खोलीत हीच वाक्यं बोलत आला होता आणि त्याच्या आवाजावर माणसं मुकाट श्वास धरत होती. रडकुंडीला आलेली बाई असो की मोडक्या बरगडीचा हमाल, काचेमागून तो खर्जातला आवाज आला की सगळे शहाण्या मुलांसारखे गप उभे राहत. आता त्याच गळ्यातून करपलेलं भांडं खरवडल्यासारखी खरखर निघत होती. ठोक्या काचेमागून बाहेर आला आणि त्यानं स्वतः छाती फुगवून, गाल फुगवून म्हाताऱ्याला दाखवलं. म्हातारा हसला. हसल्यामुळे आणखी एक मिनिट गेलं.

तो शनिवार होता. नऊ दिवसांनी, सोमवारी, ठोक्याचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. गाठ कुठे आणि केवढी आहे हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो उजेडावर धरून पाहिलेल्या माणसापासून काय लपवणार? डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. पुढेमागे गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं, पण ते यंत्रासारखंच वाटतं. ठोक्यानं मान डोलावली. मरणाला तो भ्यायला नव्हता असं नाही, चांगलाच भ्यायला होता. पण त्याची झोप उडाली होती ती आईपायी.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. काचबिंदूनं दोन्ही डोळे जाऊन नऊ वर्षं झाली होती, कान मात्र तिखट होते. खिडकीजवळच्या लोखंडी कॉटवर ती बसलेली असायची आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, "आहेस का?" ठोक्या जिथं असेल तिथून म्हणायचा, "आहे गं, इथंच आहे." तेवढं ऐकलं की ती निवांत व्हायची. तिला काही हवं असायचं असं नव्हे. समोर अंधार असल्यावर मुलगा घरात आहे की नाही हे कळायला दुसरा मार्ग नव्हता, इतकंच. ठोक्याचं लग्न राहून गेलं होतं, त्यामुळे घरात हे दोघंच.

दोन महिन्यांपूर्वी आवाज बसला आणि घात झाला. ती विचारायची, "आहेस का?" तो म्हणायचा, "आहे गं." आणि ती दचकून विचारायची, "कोण आहे तिकडे?" एकदा तिनं काठी उगारली. त्यानं तिचा हात धरून आपल्या तोंडावरून फिरवला. तिनं नाक चाचपलं, भुवया चाचपल्या आणि म्हणाली, "तोंड त्याचंच आहे. पण आत कोण बोलतंय?" त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. नऊ दिवसांनी ही खरखरही जाणार होती. मग ती हाका मारत राहील आणि कुणी उत्तर देणार नाही, या विचारानं ठोक्याला घरात बसवेना.

ठोक्या हे नाव त्याला शाळेत पडलं. बाक, डबा, पाट्या, पुढच्या मुलाचं दप्तर, जे हाताला लागेल ते तो ठोकायचा. घरी आईच्या कॉटची दांडी. "बंद कर ते. डोकं उठलं माझं," हे वाक्य त्यानं अन्नापेक्षा जास्त वेळा खाल्लं असेल. पुढं चार मित्रांचा बँड झाला. ठोक्या त्यात ड्रम वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचा. त्या दिवसांची एकच कॅसेट उरली होती आणि तिच्यात ड्रमखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं, कारण टेपरेकॉर्डर ड्रमजवळ ठेवा असा हट्ट खुद्द ठोक्यानंच धरला होता. आईचे डोळे गेले तसे अचानकच्या आवाजानं ती घाबरू लागली. त्यानं ड्रम एका शाळेला देऊन टाकले आणि घरात पुन्हा एक बोट आपटलं नाही.

रविवारी दुपारी तो नेहमीप्रमाणे चष्म्याच्या दुकानात गेला. दुकानामागच्या खोलीत एकोणीस वर्षं चार रॉकवेडे जमत होते: दुकानाचा मालक चष्मेवाला, निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई, पोस्टमन आणि ठोक्या. प्रत्येकानं एक गाणं आणायचं. गाणं चालू असताना कुणी शिंकायचंसुद्धा नाही, संपल्यावर हवं तेवढं भांडायचं. चष्मेवाला खोलीत टेपरेकॉर्डर ठेवून दर रविवारची एक कॅसेट भरायचा. तिच्यात गाणी तेवढी घ्यायची. गाणं संपलं रे संपलं की याचा अंगठा बटणावर. मधलं बोलणं म्हणजे कचरा, असं तो म्हणायचा. भिंतभर फळ्यांवर तारखा घातलेल्या कॅसेट्स उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीतही कचरा नाही याचा त्याला कोण अभिमान.

त्या रविवारचा विषय महिन्यापूर्वी ठोक्यानंच सुचवलेला होता: ड्रम वाजवता वाजवता गाणारे.

बाईंनी एक संथ गाणं आणलं होतं. गाणारा जणू रिकाम्या खोलीत स्वतःशी बोलत होता आणि ड्रम त्याच्या आवाजाखाली जेमतेम वाजत होते. गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, मागे बसून गाणाऱ्याला मिरवता येत नाही, म्हणून त्याला खोटंही गाता येत नाही. पोस्टमननं लगेच उडवून लावलं. दोन हात गुंतलेले, दोन पाय गुंतलेले आणि वर गाणं, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. गायला मोकळा, उभा माणूस लागतो. मागं बसून गाणारा म्हणजे न्हाणीघरातून हिशेब सांगणारा नवरा, काय म्हणतो ते कुणाला कळत नाही.

मग तिघंही ठोक्याकडे बघायला लागले. आता हा भडकणार, ही ठरलेली गंमत. यावर त्याचं एक ठरलेलं उत्तर असायचं: हात आधी पोचतो, गळा मागून येतो, आणि ऐकणारा हाताच्या विश्वासावर गळ्याची वाट बघतो. एकोणीस वर्षांत पोस्टमनला ते पटलं नव्हतं. ठोक्यानं तोंड उघडलं, खरखर आली, त्यानं मिटलं.

"आज गळ्याला सुट्टी दिसते," पोस्टमन म्हणाला.

दोन महिने सर्दीवर ढकललेलं ते तेव्हा ठोक्यानं सांगून टाकलं. सगळं तीन वाक्यांत झालं. पोस्टमनची मान खाली गेली. बाईंनी पर्स उघडली, काही न घेताच बंद केली.

"तुझ्याकडे एवढ्या कॅसेट्स आहेत," ठोक्या चष्मेवाल्याला म्हणाला. "माझा जुना आवाज असेल ना कुठंतरी? 'आहे, इथंच आहे,' एवढंच पाहिजे. आईसाठी."

चष्मेवाला उठून फळ्यांसमोर उभा राहिला.

"मी सगळं कापलं रे," तो म्हणाला.

तरी त्यांनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानावर 'दुपारी बंद'ची पाटी लागली आणि मागच्या खोलीत तीन टेपरेकॉर्डर चालू झाले. पोस्टमन टपाल वाटून तडक यायचा. ज्या गाण्यांसाठी त्यांनी जीव टाकला होता ती आता ते भराभरा पुढं पळवत होते आणि दोन गाण्यांच्या मधली फट कान लावून ऐकत होते. चष्मेवाल्याचा अंगठा जिथं क्षणभर उशिरा पडला होता तिथं काहीबाही सांडलेलं होतं. "लाव आ..." "अरे ऐक..." एक खोकला. "हं." एकोणीस वर्षांच्या रविवारांतून ठोक्या एवढाच उरला होता. चष्मेवाला प्रत्येक तुकडा वहीत लिहून ठेवी आणि स्वतःला शिव्या घाली.

शनिवारी दुपारी बाईंना सापडलं. तीन वर्षांपूर्वी चष्मेवाला एका गिऱ्हाइकासाठी पुढच्या दुकानात गेला होता आणि बटण दाबायचं विसरला होता. मागं ठोक्या पोस्टमनशी भांडत होता, भरल्या, खणखणीत आवाजात: "अरे गाढवा, आधी ऐकून तर घे! मी इथंच आहे, पळून जात नाही. ओरडतोस कशाला?" मग पोस्टमनचं हसणं, बाईंचं हसणं, कुणाचा तरी कप आपटल्याचा आवाज.

पोस्टमननं तोंड फिरवलं. आयुष्यात कुणी आपल्याला गाढव म्हटल्याचा इतका आनंद त्याला कधी झाला नसेल.

चष्मेवाल्यानं रविवारभर बसून काम केलं. गाढव काढला, हसणं काढलं, कप काढला. "मी इथंच आहे" एवढंच घेतलं आणि एका कोऱ्या कॅसेटवर मध्ये जागा सोडून सोडून साठ वेळा उतरवलं. स्वच्छ, कचरा नाही. सोमवारी ठोक्याला आत नेण्याआधी त्यानं ते त्याच्या कानाशी लावून ऐकवलं. ठोक्यानं डोळे मिटून ऐकलं आणि त्याचा हात धरला.

तीन आठवड्यांनी दुपारी तो घरी आला. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडकं. वजन इतकं उतरलेलं की शर्ट कुणा दुसऱ्याचा वाटावा. इतके दिवस ताई, त्याची मोठी बहीण, आईजवळ येऊन राहिली होती. तो कामासाठी परगावी गेलाय असं तिनं आईला सांगून ठेवलं होतं. मित्र तिघंही सोबत आले होते. ठोक्या कॉटजवळच्या स्टुलावर बसला, टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला.

पावलं ऐकून आईनं मान उचलली. "आहेस का?"

ठोक्यानं बटण दाबलं. "मी इथंच आहे."

आईचा चेहरा असा उजळला की ताईनं पदर तोंडाशी नेला. "आलास? घसा बरा झाला रे तुझा. कधी आलास?"

"मी इथंच आहे."

"हो रे, पण जेवलास का काही?"

"मी इथंच आहे."

आई थांबली. तिनं मान जराशी तिरकी केली, पेटीतून कॅसेट फिरल्याची सूक्ष्म घरघर येत होती, ती तिच्या तिखट कानांनी टिपली. चष्मेवाला पुढं झाला आणि उगाच आवाज कमी-जास्त करायला लागला.

"ताई," आई म्हणाली, "हे पेटीतलं आहे. मला फसवता होय गं? तो गेला ना?"

ताई म्हणाली, अगं, समोर बसलाय, हात लावून बघ. ठोक्यानं तिचा हात घेऊन गालावर ठेवला. पण गाल बसले होते, हाडं वर आली होती, दाढी वाढली होती. आईनं हात झटकून काढून घेतला.

"समोर आहे तर बोलत का नाही? गेला म्हणून खरं सांगा एकदाचं. मी रडून तरी घेते."

ठोक्याला ओरडावंसं वाटलं, छाती फाडून ओरडावंसं वाटलं. त्यानं पूर्ण श्वास घेतला, धरला आणि सोडला. गळ्यावरचं फडकं हललं, तेवढंच झालं. आई तोंडावर हात घेऊन पुढं-मागं डुलायला लागली होती. आपण जिवंत असून आपल्या आईला आपलं सुतक धरताना बघतोय, आणि आपल्या हातात काही नाही, असं त्याला वाटलं.

त्याचा हात कॉटच्या दांडीवर पडला होता. दोन बोटं आपटली. मग चार. मग नऊ वर्षं घराबाहेर ठेवलेला ठेका आपसूक आत आला, तर्जनी पुढं, मधलं बोट मागं, मध्येच अंगठ्यानं एक जड ठोका.

आई दचकली. "बंद कर ते," ती वसकन म्हणाली. "डोकं उठलं माझं."

ठोक्या थांबला. आईचं तोंड उघडंच राहिलं होतं. ती कान देऊन बसली. बाहेर कुणीतरी सायकल उभी केल्याचा आवाज आला आणि बंद झाला.

"आहेस का?" तिनं अगदी हळू विचारलं.

ठोक्यानं दोनदा ठोकलं.

चष्मेवाल्यानं टेपरेकॉर्डर उचलून बाहेर नेला. दाराबाहेर जाऊन तो रडला. आत संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. आई विचारायची, "आहेस का?" ठोक्या दोनदा ठोकायचा. "बंद कर ते," ती म्हणायची, आणि दांडीवर तळवा ठेवून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसायची.