प्लगवरचे ठिपके

बाटलीतल्या त्या वायूला लोक हसवणारा वायू म्हणतात. इतकी वर्षं मी तो गाड्यांना जोडतोय, मला त्यानं एकदाही हसवलेलं नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "काका, बाटली बसवा, गाडी उडाली पाहिजे." मी म्हणतो, उडेल की, तुकडे होऊन उडेल. हा वायू स्वतः जळत नाही. तो इंजिनाला जास्तीचा श्वास देतो, त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येतं. वायू भरपूर आला आणि पेट्रोल कमी पडलं, तर आग पिस्टनलाच खाते. पण हे ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे?

माझ्या भाचीला मात्र हे तोंडपाठ आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या धावपट्टीवर शर्यतीत उतरते. गाडी साधीच, पण इंजिन दाजींनी, म्हणजे तिच्या बाबांनी, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. दाजी आता नाहीत. त्यांचा आवाज कुणी टिपून ठेवला नाही आणि प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. मागे उरलंय ते हे इंजिन. ते गेलं की गेलं.

त्या रविवारी भिंगरी अंतिम फेरीत पोचली. समोर सोनसाखळी. गळ्यातल्या साखळीवरून हे नाव आम्हीच ठेवलंय. यानंच एकदा दाजींच्या तोंडावर म्हटलं होतं, "हे इंजिन भंगारवाल्याला दाखवा." दाजी हसले होते. मी हसलो नव्हतो. त्याला हरताना बघायची हौस भिंगरीपेक्षा मलाच जास्त होती, खोटं कशाला बोलू.

उपांत्य फेरी जिंकून ती परत आली, तसा मी बॉनेट उघडून स्पार्क प्लग काढला. बाटली वापरली की दर फेरीनंतर प्लग वाचायचा, हा माझा नियम. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते प्लग सांगतो. आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी ठिपके होते, मिठाच्या कणाहून बारीक. ते ॲल्युमिनियम होतं. पिस्टन वितळायला लागला होता.

इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप दमला होता. साध्या धावेला तो पुरला असता, बाटलीला पुरणार नव्हता, आणि दुसरा पंप आमच्याकडे नव्हता. तरी एक फेरी निघालीही असती कदाचित. माझ्या एका हातात प्लग होता, दुसऱ्या हातात फडकं. भिंगरी आत बसून हेल्मेट काढत होती. पुसून टाकला असता तर कुणाला काय कळणार होतं?

"मामा, काय म्हणतोय प्लग?"

"आता बस झालं म्हणतोय." मी प्लग तिच्या तळहातावर ठेवला. "तुझ्या बाबांचा पिस्टन आहे हा. बघून घे."

तिनं तो उन्हात धरला.

"बाटलीचं बटण नुसतं शेवटी दाबलं तर? क्षणभर?"

"वितळायला क्षणच लागतो."

"बाटलीशिवाय तो मला धूळ चारेल."

"चारेल."

"आणि वर दात काढेल."

"काढेल. त्याला तेवढंच येतं."

"गाडी माझी आहे, मामा."

"तुझीच आहे, म्हणून तर सांगितलं. आता तू जाणे आणि तुझं नशीब जाणे." मी चिडून बोललो. राग तिच्यावर नव्हताच. नवा प्लग बसवला आणि बॉनेट आपटलं.

सुरुवातीच्या रेषेवर बाटलीवाले सगळे नळीतली हवा काढायला थोडा वायू बाहेर सोडतात. पांढरा फवारा उडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. सोनसाखळीनं चांगला उंच फवारा सोडला. पाठोपाठ भिंगरीच्या गाडीतूनही उडाला.

म्हणजे तिनं बाटली उघडली होती. "अगं कार्टे!" असा ओरडलो की शेजारचा माणूस दचकला. मग मी पाठ फिरवली. दाजींचं इंजिन जळताना मला बघायचं नव्हतं. कान मात्र मिटता येत नाहीत.

गाड्या सुटल्या. बाटली सुरू झाली की इंजिनाचा आवाज एकदम बदलतो, मागून कुणी लाथ घातल्यासारखा. सोनसाखळीचा बदलला. आता दुसरा बदलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तो नुसता चढत गेला, एकसुरी, दाजी गॅरेजमध्ये आम्हाला ऐकवायचे तसा. शेवटपर्यंत तसाच राहिला.

भिंगरी हरली. चांगलीच हरली.

परत आल्यावर मी तोंड उघडायच्या आत तिनं पाना घेतला, प्लग काढला आणि माझ्या हातात दिला. एकही ठिपका नव्हता.

"मग फवारा कशाला सोडलास? जीव गेला असता माझा!"

"बाबा म्हणायचे ना, हरायचं तर ऐटीत हरायचं." ती हसली. मग हसू ओसरलं. "खरं सांगू? फवारा सोडला तेव्हा मी बटण दाबणारच होते."

"मग?"

"तू तो प्लग पुसायला निघाला होतास. बॉनेटच्या फटीतून दिसलं मला. फडकं अगदी टेकलं होतं."

मी खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं.

"त्याला हरवायचं वेड माझ्यापेक्षा तुला जास्त. तरी पुसला नाहीस." तिनं बॉनेटवर हात ठेवला. "मग माझंही बोट बटणावर जाईना."

मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. फडकं खिशात कोंबत मी म्हणालो, "उद्या पंप बदलू."