दोरीतली जागा

तिने रुमालाचं टोक ओलं करून नवऱ्याच्या गालावरचा ग्रीसचा डाग पुसला. डाग जुना होता. तो निघाला नाही, गाल तेवढा लाल झाला.

"राहू दे आता," तो म्हणाला. "फोटोत मी थोडाच गोरा येणार आहे?"

खिडकीमागची पासवाली बाई हसली. तिने कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

"चष्मा काढा. हनुवटी वर. आणि हसू नका हो, बंदराचा पास आहे, लग्नाचा अल्बम नाही."

फोटो निघाला. बाईने जुन्या पासाचा कोपरा कात्रीने कापला आणि तो एका डब्यात टाकला. आत कुठलं तरी छपाईचं यंत्र कुरकुरायला लागलं.

"नवा पास आतल्या साहेबांकडे जाईल. त्यांचं विचारणं झालं की लगेच हातात. ताई, तुम्हीही जा आत. इथे बसायला जागा कुठंय?"

काय विचारणार ते दोघांनाही ठाऊक होतं.

पासाशिवाय बंदराच्या फाटकातून कुणी आत जाऊ शकत नसे. पण जहाजावरच्या पेटाऱ्यांना साखळ्या आवळणाऱ्या नवऱ्याच्या टोळीची एक जुनी रीत होती. सगळ्यांचे पास मुकादमाच्या गळ्यात, एकाच दोरीत ओवलेले. सकाळी मुकादम यंत्रासमोर उभा राहून एकेक पास टेकवायचा आणि माणसं मागून सरकत आत जायची. रांगेत ताटकळणं वाचायचं, फाटकावरचा शिपाई तिकडे कानाडोळा करायचा. हा मुकादम म्हणजे तिचा थोरला भाऊ. आईवडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि स्वतः मात्र तसाच राहिला. टोळीतले म्हणायचे, मुकादमाच्या गळ्यात रोज माळ पडते, नवरी तेवढी येत नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या त्या दिवशी नवरा त्यांच्याजवळ दवाखान्यात होता आणि त्याचा पास बंदरात. दादानेच टेकवला होता, दाजींचा खाडा पडू नये म्हणून. त्याच दुपारी जहाजावरच्या शेवटच्या रांगेत एक साखळी सैल राहिली, लोखंडी पेटारा घसरला आणि माल मोजणाऱ्या कारकुनाचा पाय गेला. चौकशी कुठेतरी रेंगाळत पडली होती. पासाची मुदत संपली तशी ती नेमकी वाटेत येऊन उभी राहिली.

काल तिन्हीसांजेला दादा घरी येऊन गेला होता. पाण्याच्या भांड्यालाही त्याने हात लावला नाही.

"दाजी, एवढंच विचारतील, त्या दिवशी होतात का. हो म्हणायचं, विषय संपला. नाही म्हणालात, तर हजर नसलेल्या माणसाचा पास टेकवला म्हणून माझा पास जाईल. या वयात मी कुठे जाऊ?"

बोलत होता दाजींशी, पण बघत होता तिच्याकडे.

तो गेल्यावर नवरा बराच वेळ चपलेचा अंगठा दाबत बसला. मग म्हणाला, "आई गेली त्या दिवशी मी कामावर होतो, असं म्हणू?"

"त्याला आपल्याशिवाय दुसरं कोण आहे हो?"

सकाळी त्याने इस्त्रीचा सदरा मागितला, तेव्हा तिला कळलं, तो हो म्हणणार. फाटकाशी दादाने दोरीची गाठ सोडून त्याचा पास काढून दिला होता. "नवा आला की इथेच," म्हणाला होता, "माझ्या पासाला लागून. जागा ठेवलीय बघा."

आतले साहेब मऊ बोलणारे होते. त्यांनी दोघांनाही बसायला सांगितलं. नवा पास त्यांच्यापुढे येऊन पडला होता. फोटोत एक गाल लाल दिसत होता.

"त्या दिवशी तुम्ही आत होतात?"

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. तोच अंगठा सासूबाईंनी त्या दिवशी मुठीत धरला होता. सोडवायला नर्सला त्यांची बोटं एकेक करून उलगडावी लागली होती. तिने मान खाली घातली.

"होतो," तो म्हणाला.

"पूर्ण पाळी?"

"पूर्ण."

"बरं झालं. म्हणजे जुळतंय सगळं." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "शेवटची रांग तुमच्याकडे होती."

"शेवटची?"

"तुमचा मुकादम परवाच येऊन सांगून गेला. ती रांग दाजींकडे होती म्हणाला. तुम्हालाच दाजी म्हणतो ना तो?"

परवा. आणि घरी आला तो काल. तिच्या मांडीवरचा रुमाल घरंगळून खाली पडला. कुणी उचलला नाही.

"म्हणजे माझ्या नावावरच्या त्या रांगेवर कुणीच नव्हतं," नवरा हळूच म्हणाला. साहेबांना नाही, तिला.

ती साहेबांकडे वळली.

"साहेब, हे त्या दिवशी बंदरात नव्हते. सासूबाई गेल्या त्या दिवशी. आम्ही दोघं दवाखान्यात होतो, सकाळपासून."

"ताई, आत्ता तुमच्यासमोर ते होतो म्हणाले."

"मीच म्हणायला लावलं. मुकादम माझा भाऊ आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"फाटकाचं यंत्र म्हणतं, आत आले. मुकादम म्हणतो, होते. हे स्वतः म्हणाले, होतो. नव्हते म्हणणाऱ्या एकट्या तुम्ही, त्यातून तुम्ही यांची बायको."

"दवाखान्यात विचारा."

"दवाखाना पेशंटची नोंद ठेवतो. शेजारी कोण बसलं होतं, ते कुठे लिहितात?"

"पास आमच्याजवळ नसतातच साहेब," नवरा म्हणाला. "मुकादमाच्या गळ्यात असतात."

"आपला पास दुसऱ्याच्या हाती देणं हाही गुन्हाच आहे. तोही घालू यात?"

साहेबांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढे सरकवलं. मग लाल गालाचा तो पास उचलून खणात ठेवला आणि खण हलकेच लोटला.

"चौकशी पुरी होईपर्यंत राहू दे इथे. मग बघू."

बाहेर ऊन चढलं होतं. जिन्यावर त्याने कठडा धरला नाही, तिचा हातही धरला नाही. ती एक पायरी मागे राहून उतरली.

"खरं बोललीस ते बरं झालं," तो पुढे बघतच म्हणाला. "काल बोलली असतीस तर उपयोगी पडलं असतं."

रस्त्यापलीकडे टपरीशी दादा उभा होता. एका हाताने चहाचे तीन पेले त्याने तोल सांभाळत धरले होते. लहानपणी तिला दूधही तो असंच आणून द्यायचा, न सांडता.

"झालं ना?" त्याने विचारलं. "मी म्हटलं होतं ना दाजी, एका शब्दाचं काम आहे."

नवऱ्याने पेला घेतला नाही. तिनेही घेतला नाही. ती दादाच्या छातीवरच्या दोरीकडे बघत होती. सकाळी सोडलेली गाठ पुन्हा घट्ट बांधलेली होती. दादाच्या पासाला लागून एक कोरा करकरीत पास होता, त्यावर तिने कधी न पाहिलेला चेहरा.

तिची नजर कुठे आहे ते दादाच्या लक्षात आलं.

"बदली माणूस आहे गं, तात्पुरता. काम अडायला नको म्हणून."

तिने बोट पुढे करून तो पास सरळ केला, फोटो वर येईल असा.

"दादा," ती म्हणाली, "याची आई आहे का रे?"

"कुणाची?"

"आता ज्याचा पास तुझ्या गळ्यात आहे, त्याची." दादाचा मोकळा हात छातीवर गेला आणि त्याने दोरी सदऱ्याच्या आत सारली. दुसऱ्या हातातला चहा त्याच्या बोटांवर सांडला. पेले मात्र त्याने सोडले नाहीत.