कमरेच्या वरचा उमेदवार

"टीव्हीवरची चर्चा न बघता जो मत देतो, त्यानं लोकशाहीचा गळा घोटला असं खुशाल समजा!"

कुंडलिकरावांनी ही घोषणा अफजलच्या सलूनमध्ये केली, तेव्हा अफजलचा वस्तरा त्यांच्याच गळ्यावर होता.

"आबा, गळा हलवू नका," अफजल म्हणाला, आणि दाढी होईपर्यंत लोकशाहीचा विषय स्थगित झाला.

निमगाव केतकीत कुंडलिकरावांच्या शब्दाला वजन होतं, निदान कुंडलिकरावांना तसं वाटायचं. उभी हयात त्यांनी बैलांच्या खरेदी-विक्रीत घालवलेली. बाजारात त्यांना कुंडलिक हेडी म्हणत, आणि त्यांनी पास केलेला बैल कधी परत आला नाही, हे ते स्वतःच सांगत. घरातलं मतही आजवर तेच ठरवत आले होते. बटण सिंधुबाई दाबायच्या, पण कुठलं ते मतदानाच्या सकाळी चहाबरोबर त्यांना सांगितलं जाई. या आमदारकीला मात्र सिंधुबाई चहाआधीच बोलल्या.

"औंदा माझं मत मी ठरवनार."

"ठरीव की! फकस्त चर्चा बघ. आपुआप माझ्या मतावर येशील."

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या चॅनेलवर दोन्ही उमेदवार समोरासमोर येणार होते. एक अविराजदादा, दुसऱ्या राजनंदिनीताई. कुंडलिकरावांचा कल दादांकडे होता, पण चर्चेपुरता त्यांनी तो बाजूला ठेवला होता. अगदी बाजूलाच, हात पोचेल असा.

चर्चा सुरू झाली आणि कुंडलिकरावांनी रिमोट उचलून आवाज बंद करून टाकला.

"अवो, आवाज?"

"आवाज कशाला? बैल घेताना इकणाऱ्याचं ऐकायचं नसतं. बैल बघायचा. ऐकत बसला तो फसला."

"मग मी काय ह्यांचे दात बघू?" असं म्हणून सिंधुबाई गवारीची पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे अकबरभाईंचं घर. अकबरभाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा टीव्ही सगळ्या आळीला ऐकू येतो. तिथंही हीच चर्चा लागली होती. सिंधुबाई भिंतीला पाठ लावून गवार मोडत बसल्या. अशा रीतीनं एकाच घरात चर्चेची वाटणी झाली. तोंडं बाहेर, आवाज आत.

चर्चा संपली तशी कुंडलिकरावांनी हाक मारली.

"अविराजदादा! डोळं झाकून घ्यावा असा. खांदा भरलेला, नजर थंड. पडद्यावर खाली टेलच्या पाण्याची पट्टी आली तवा मान घालून इचार करत हुता. सोभाव गरीब. ताई मातूर मारकी. त्याच पट्टीला सारखी मान झटकत हुती. असलं जनावर दावणीला टिकत न्हाय."

टेलच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्या घरचाच होता. त्यांची डाळिंबाची बाग कालव्याच्या फाट्याच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला, आणि पाणी तिथवर यायचं ते बहुधा निवडणुकीच्या भाषणात.

"ती मान झटकत नव्हती," सिंधुबाई म्हणाल्या. "न्हाय म्हणत हुती."

"काय न्हाय?"

"ह्या उन्हाळ्यात टेलला पाणी येनार न्हाय म्हनाली. आधी कालव्याच्या चाऱ्या दुरुस्त कराव्या लागतील, आन येतंय म्हनून सांगितलं तर ते खोटं हुईल."

"आन दादा?"

"दादा 'बघू' म्हनाले. त्याच्या आधी इतका येळ गप, मला वाटलं अकबरभाईंचा टीव्ही बिघडला."

"इचारी माणूस गप असतो," कुंडलिकराव म्हणाले. "सकाळी दादा आळीत प्रचाराला येनार हाय. हितं उभा करून तुला दाखवतो. मग बोल."

सकाळी दादा आले. गळ्यात हार, मागं कार्यकर्ते, आणि फुकटची करमणूक बघायला अर्धी आळी.

"आबा, आशीर्वाद द्या."

"देतो. आधी जरा चालून दाखवा."

"चालून?"

"गेटापासनं त्या शेवग्यापातूर. आन परत."

निवडणुकीच्या दिवसांत मतदाराला नाही म्हणायची सोय नसते. दादा चालले. शेवग्यापर्यंत जाईस्तोवर कुंडलिकरावांच्या चेहऱ्यावरचं तेज उतरत गेलं. दादा चक्क लंगडत होते. आणि आता कुठं कुंडलिकरावांच्या ध्यानात आलं, की चॅनेलवाल्यांनी उमेदवार टेबलामागं बसवून फक्त कमरेच्या वर दाखवला होता. जन्मात कधी खूर बघितल्याशिवाय बैल घेतला नव्हता, आणि काल अर्ध्याच जनावराचा सौदा पक्का केला!

ते दादांच्या पायाकडं वाकले. "डावा. कवापासनं?"

दादांनी आवाज खाली आणला. "चर्चेसाठी नवीन बूट घेतले, आबा. टाच सोलून निघाली. सगळी चर्चा बुटाकडंच बघत हुतो. त्या पाण्याचं काय इचारलं तेबी धड कळलं न्हाय."

"मग आता इचारते," दारातून सिंधुबाई म्हणाल्या. "टेलला पानी कवा?"

दादांनी बुटाकडं बघितलं, शेवग्याकडं बघितलं, कार्यकर्त्यांकडं बघितलं.

"बघू, मावशी."

"झालं. माझं ठरलं."

"कोण?" कुंडलिकरावांनी घाईनं विचारलं.

"ते गुपित असतंय. बटनाच्या खोलीत तुमाला तरी कुठं घेतात?"

आळी हसली. पण कुंडलिकराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. ते ओट्यावर चढले.

"हसू नका! म्हणून तर मी म्हणतो, चर्चा बघायलाच पायजे. चर्चा नसती तर बूट नसते, आन बूट नसते तर लंगड कळली नसती. मी बघितली, हिनं ऐकली, दोघांची मिळून एक पुरी चर्चा झाली. फकस्त चॅनेलवाल्यांना सांगा, मधलं टेबल काढा, आन शेवटाला दोघांना चालवून दाखवा. मग बघा ह्या देशात कसं राज्य येतंय!"

"खरंय आबा," गर्दीतून अफजल ओरडला. "मग तुमचं मत कुणाला?"

कुंडलिकरावांनी छाती भरून श्वास घेतला, उजवा हात वर केला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी खालून त्यांच्या धोतराचा सोगा हलकेच ओढला. अविराजदादा होते. दोन्ही बूट हातात.

"आबा, नरसिंहपूरला सभा हाय. तेवढ्यापुरत्या तुमच्या चपला मिळतील का?"