धावपट्टीच्या तोंडाची गंजी

"आवं, बैल वाटंतच म्हातारे हुतील, पण तुमचं घर काय यायचं नाय!" साळूबाई कडब्याच्या भरलेल्या गाडीवर बसल्या बसल्या ओरडली.

पुंजानं मागं वळून पाहिलं नाही. जुवावर हात ठेवून तो गुमान चालला होता. डोकं त्याचंही तापलं होतं, पण बायकोपुढं तापून फायदा नसतो, एवढं पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं.

घर तर समोर दिसत होतं, त्याचंच जास्त वाईट वाटायचं. दारातला शेवगा, छपरावरची कौलं, खुंट्याची कालवड, सगळं तारेच्या जाळीतून दिसायचं. हाळी घातली तर शेजारच्या भिमाजीनं ओ दिली असती. मधे नुसती विमानाची पट्टी होती, आणि पट्टीला मारलेली तार.

ही पट्टी लढाईच्या टायमाला सरकारनं केली, असं खडकवाडीतली जुनी माणसं सांगत. पण पुंजाच्या अख्ख्या हयातीत तिच्यावर विमान काही उतरलं नव्हतं. गावानं तिच्यावर बाजरी मळली, मिरच्या वाळवल्या, पोरं सायकल शिकली. निम्म्या गावाचं रान पट्टीच्या पल्याड, म्हणून गाडीवाट तिला ओलांडूनच जायची. मग सत्त्याण्णवच्या दिवाळीत मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं ती भाड्यानं घेतली, विमान शिकवायची शाळा काढली आणि चौफेर तार ठोकली. पुंजाचं सव्वादोन एकर पट्टीच्या उगवतीच्या तोंडाशी होतं. एका अंगाला तार, दुसऱ्या अंगाला कालवा. आधी एक बिडी ओढून होईतो गाडी दारात लागायची. आता कालव्याच्या पुलावरून चार मैलांचा वळसा पडत होता. दिवसाला एक खेप झाली तर झाली.

नवरा-बायको दोनदा क्लबाच्या मॅनेजरला भेटून आले होते. मॅनेजर दाणीसाहेब. अंगावर कडक इस्त्री, डोळ्यावर काळा चष्मा.

"तारेला एक फाटक ठेवा साहेब," पुंजा म्हणाला होता. "सकाळी एकदा जाऊ, सांजचं एकदा येऊ."

"ते शक्य नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. फाटकाला दिल्लीची परवानगी लागते."

"मंग दिल्लीवरून वळसा घालू का?" साळूबाईनं विचारलं होतं. "तेवढंच ऱ्हायलंय."

कडब्याची ती खेप घेऊन घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. पुंजानं त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बस झालं. उरलेला कडबा मी रानातच रचतो. गंजी तिढंच लावतो."

"आता कसं शाण्यासारखं बोलले," साळूबाई म्हणाली.

आता गंजी लावावी तर पुंजानंच. पंचक्रोशीत तसा दुसरा गडी नव्हता. त्यानं रचलेल्या गंजीत चार महिन्यांच्या पावसात थेंब शिरायचा नाही. पेंढीचा बुडखा बाहेर, शेंडा आत, थरावर थर, आणि वर असा निमुळता माथा की बघणाऱ्यानं मान वर करून बघतच राहावं. त्यानं तारेलगतची मुरमाड उंचवट्याची जागा धरली, कारण तिथं पाणी साचत नव्हतं. पुंजाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे शपथेवर सांगता येईल. साळूबाईचं सांगता येत नाही. जागा तिनं दाखवली होती.

तिसऱ्या दिवशी गंजी चौदा फुटांवर गेली. पुंजा वर बसून माथा बांधत होता. फाल्गुनाचं ऊन, काळ्या रानाला भेगा, वाऱ्यावर कडब्याचा गोडूस वास. एवढ्यात समोरून पिवळं विमान घरघरत आलं. खाली आलं, आणखी खाली आलं, आणि एकदम नाक वर करून निघून गेलं. फिरून पुन्हा आलं. पुन्हा तसंच वर गेलं.

"गंजी बघू ऱ्हायलेत वाटतं," पुंजा म्हणाला आणि त्यानं खुशीनं हात हलवला.

तासाभरानं दाणीसाहेबांची जीप आली. तीही कालव्याच्या पुलावरून आली, कारण तार साहेबांच्या जीपलाही तेवढीच आडवी होती. कडक इस्त्रीवर बोटभर धुरळा बसला होता.

"कोणी सांगितलं हे इथे उभारायला? विमान उतरायच्या वाटेत आहे हे! काढा आधी!"

"काढून कुठं ठेवू साहेब?" पुंजानं वरूनच विचारलं.

"घरी न्या!"

"वाट दावा, नेतो," साळूबाई म्हणाली. "लय लांबून आलात. पानी प्या."

साहेब पाणी न पिता गेले आणि आठ दिवसांनी तहसिलातून नोटीस आली. ती घेऊन तलाठी रंगनाथ भाऊसाहेब स्वतः रानात आले. पोट सुटलेला, मिश्कील माणूस. गंजीच्या सावलीला बसून त्यांनी खड्या आवाजात वाचलं, "गट नंबर एकशे बारामधील सदर बांधकाम सात दिवसांचे आत पाडावे."

पुंजाचा चेहरा उतरला. साळूबाई मात्र गंजीला एक फेरी मारून आली.

"भाऊसाहेब, बांधकाम कुठं हाये? म्हंजे आपलं, इचारते. वीट दिसली का तुमाला? शिमिट दिसलं का?"

भाऊसाहेबांनी गंजीत बोट खुपसलं, एक पान काढून चावलं आणि खिशातला पेन काढून नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, 'सदर ठिकाणी बांधकाम आढळले नाही. कडबा आढळला.'

ही बात गावात फुटायला किती वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी भिमाजी दोन गाड्या कडबा घेऊन हजर. त्याचंही रान पल्याडच होतं.

"पुंजाभाऊ, माझाबी लाव वर. कुढं चार मैल हाकत बसू?"

पाठोपाठ आणखी तिघं आले. सगळ्यांचा कडबा, आणि रचणारा पुंजा. खरं सांगायचं तर आता त्यालाही चव आली होती. अठरा फुटांची गंजी त्यानं जन्मात लावली नव्हती. रोज सकाळी तो लांबूनच तिच्याकडं बघत यायचा आणि उगाच मिशीवर हात फिरवायचा. विमानं दुसऱ्या तोंडानं उतरायची. वारा उलटा असला की उतरायचीच नाहीत, शाळेला सुट्टी.

मग तो सोमवार आला. विमान उडालं तेव्हा वारा उगवतीचा होता, मग एकाएकी फिरून मावळतीचा झाला, जोराचा. पुंजा गंजीच्या बुडाशी भाकरी खात होता. पिवळं विमान उगवतीकडून आलं, वाऱ्यात डावी-उजवीकडं हेलकावे खात. ह्या खेपेला ते वर गेलंच नाही. पुंजाला काचेमागचा चेहरा दिसला. पोरगी होती, वीस-एकवीसची. डोळे एवढे मोठे. सर्रकन आवाज झाला, माथ्याच्या पेंढ्या उडाल्या आणि विमान धडपडत पट्टीवर टेकलं. चाकात एक पेंढी अडकली होती.

साळूबाईनं टाळी वाजवली. "बघा, बघा! आपल्या गाडीला वाट नाय, अन् इमानानं कडबा पल्याड नेला!"

पुंजा हसला नाही. त्याच्या हातातली भाकरी खाली पडली होती. विमानातून ती पोरगी उतरली आणि तिथंच डांबरावर मटकन बसली. तारेच्या जाळीतून पुंजाला तिचे थरथरणारे खांदे दिसत होते. तो तसाच उठला, शिडी लावली आणि वरच्या पेंढ्या खाली फेकायला लागला.

"आवं, ह्ये काय?" साळूबाई धावली. "आता कुठं त्यांच्या नाकात दम आलाय, अन् तुमी काढाया लागले?"

"पोरीचा जीव गेला असता."

"मंग फाटक?"

"गेलं उडत फाटक. माह्या हातची गंजी कुनाच्या मढ्याला कारण नाय व्हायची." आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तो बायकोवर ओरडला, "पेंढ्या झेल खाली!"

साळूबाईनं पदर खोचला आणि पेंढ्या झेलल्या. सांजेपर्यंत एका गंजीच्या तीन बुटक्या गंज्या झाल्या.

क्लबानं तहसिलात तक्रार केली आणि दोन दिवसांनी गंजीची मोजणी लागली. दाणीसाहेब आले, टेप आणि गावचा जुना नकाशा घेऊन भाऊसाहेब आले, आणि साहेबांच्या मागून ती पोरगीही आली. निकिता तिचं नाव, नाशिकची. झालेला प्रकार सांगायला तिला बोलावलं होतं. तिनं आधी गंज्यांकडं पाहिलं, मग पुंजाकडं.

"काका, कमी केल्यात तुम्ही?"

"व्हय, बाई. भ्यालो मी. तू जास्ती भ्याली का मी, ते देव जाणे."

भाऊसाहेबांनी टेप लावला. साहेबांच्या कागदाप्रमाणं त्या जागी नऊ फुटांची मुभा होती. गंज्या भरल्या साडेआठ फूट.

"अडथळा नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"छान. विषय संपला," दाणीसाहेबांनी चष्मा चढवला.

साळूबाईचं तोंड कडू झालं. महिनाभराची सगळी खटपट साडेआठ फुटांत गाडली गेली होती. भाऊसाहेब नकाशाची घडी घालायला लागले, तेवढ्यात निकिता वाकून म्हणाली, "सर, आपल्या पट्टीवरून ही तुटक तुटक रेघ कसली गेलीय?"

भाऊसाहेबांनी नकाशा उन्हात धरला. "ही? गाडीवाट. खडकवाडीहून पल्याडच्या शिवारात जायची. पट्टीच्या आधीपासूनची दिसते. हिच्यावर तार मारायची परवानगी कुठाय, साहेब?"

दाणीसाहेब चष्मा काढून पुसायला लागले.

"म्हंजे भाऊसाहेब," साळूबाईचा आवाज एकदम मधासारखा झाला, "अडथळा हुताच म्हना की. फकस्त तो कडब्याचा नव्हता, तारेचा हुता."

"असंच लिहावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले आणि लिहायलाच बसले.

तहसिलातून ह्या खेपेला नोटीस क्लबाला गेली. आठवड्याच्या आत फाटक ठरलं, दिल्लीला न विचारता. सकाळी एक तास, सांजचा एक तास, राखणदारानं हिरवं निशाण दाखवलं की गाड्या जायच्या. फाटक केवढं करायचं म्हणून दाणीसाहेब स्वतः पुंजाच्या दारात आले आणि त्यांनी उभ्या गाडीला टेप लावला. चाकापासून चाकापर्यंत सहा फूट भरलं.

"आठ फुटांचं करतो. दोन्हीकडे फूट-फूट मोकळं. एक इंचही जास्त नाही. चालेल?"

पुंजानं रिकाम्या गाडीकडं पाहिलं. बैलांकडं पाहिलं. "तुमी मोजलं म्हंजे बराबरच असंल, साहेब," तो म्हणाला. साहेबांनी गाडी मोजली होती; कडबा मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

फाटक उघडायच्या पहिल्या सांजेला अर्धं गाव तारेपाशी जमलं. भाऊसाहेबांनी नारळ फोडला. राखणदारानं हिरवं निशाण हलवलं आणि पल्याडून पुंजाची गाडी आली. कडबा दोन्ही अंगांनी असा फुगलेला, की गाडी नव्हे, गंजीच चालत येतीय असं वाटावं. वर साळूबाई, नवं लुगडं नेसून.

बैल फाटकातून आत गेले. जू गेलं. मग खर्र आवाज झाला आणि गाडी गच्च अडकली. बैल पट्टीवर, कडबा तारेबाहेर.

त्याच वेळी उगवतीला घरघर ऐकू आली. एक विमान उशिरा परतत होतं.

"मागे घ्या! मागे घ्या गाडी!" दाणीसाहेब ओरडत आले.

"बैलाला रिव्हर्स नसतो, साहेब," पुंजा गरिबासारखा म्हणाला. "माल बारा फूट भरतोय. तुमी आठ म्हनले."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी इचारलं नाय."

राखणदारानं लाल निशाण दाखवलं. विमानानं वर जाऊन एक फेरी घेतली. मग दुसरी. पुंजानं वर पाहिलं. विमानाच्या पोटात तेल भरपूर असावं, निवांत फिरत होतं, म्हणून पुंजाचा जीव थाऱ्यावर होता. पाखऱ्या बैलानं शेपूट वर केलं आणि साहेबांच्या काळ्याभोर डांबरावर बरोबर मधोमध शेणाचा पो टाकला. गावानं हसू दाबलं. भिमाजीला ते जमलं नाही.

"खांब काढा!" दाणीसाहेब राखणदारावर खेकसले. "हा बाजूचा खांब उपटा आधी! उद्या बारा फुटांचं फाटक लावा!"

पहार आली. खांब हलला, उपटला, तार सैल पडली. बैलांनी हिसडा दिला तशी गाडी तिरकी झाली, पण पुढं हलेना. चाक खांबाच्या खड्ड्यात रुतलं होतं. वर विमानाची तिसरी फेरी चालू होती. साहेबांनी घड्याळ बघितलं, इकडंतिकडं बघितलं, चष्मा खिशात घातला आणि गाडीच्या मागं जाऊन कडब्याला खांदा लावला. डोक्यात, कॉलरीत, कानात, सगळीकडं कडबा शिरला.

वरून साळूबाई वाकली.

"आसं नाय, साहेब. जरा डाव्या अंगानं रेटा. हां, आता कसं!"

चाक वर आलं. गाडी हलली. पुंजा बैलांच्या पुढं चालत होता. साहेबाला दिसू नये म्हणून त्यानं तोंड उपरण्यात खुपसलं होतं, आणि त्याचे खांदे नुसते गदगदत होते.