भिंग

सम्राटनं आधी पत्त्यांचा खेळ काढून टाकला, मागोमाग सुरुंगांचा, आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. कॉम्प्युटर बघायला आलेला हा पोरगा नावालाच सम्राट; फुंकर मारली तर उडेल असा. पण शाहूपुरीतल्या त्या बियाणं संस्थेच्या कचेरीत आज त्याचंच राज्य होतं.

"मशीन स्लो झालंय ते हेच्यामुळं, साहेब. आल्यापास्नं नको ते सगळं भरलेलंच हाय."

"मग उपटून टाक की!" मॅनेजर बाळासो म्हणाले. उपटायचं म्हटलं की त्यांना हुरूप येई.

पावत्या टाईप करणारा कृष्णात आपल्याच खुर्चीमागं उभा होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्या नको असलेल्यांतच एक भिंग होतं. माउस फिरेल तिथली अक्षरं ते वरच्या पट्टीत बोटाएवढी करून दाखवायचं. त्याच्याच आधारानं त्यानं वर्ष निभावून नेलं होतं. चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गोदामातल्या गुंडूची नजर अधू झाली, तेव्हा बाळासोंनी त्याला आठवड्यात घरी बसवलं. आणि कृष्णातच्या घरात कमावणारा तो एकटा.

"हे भिंग कोण वापरतंय? काका, तुमी?"

हो म्हटलं तर नोकरी गेली, नाही म्हटलं तर भिंग गेलं.

"न्हाय बा. मला कशाला लागतंय?"

सम्राटनं बटण दाबलं. पट्टी गेली.

"बसा काका. पावती काढून बघा, कसं पळतंय."

कृष्णात बसला. समोर पांढरा उजेड आणि त्यात मुंग्यांसारखं काहीतरी. त्यानं सवयीनं आकडे दाबले, खटाखट, जरा जास्तच जोरात.

"झ्याक झालं की! आधी एवढं पळत नव्हतं," तो म्हणाला.

सम्राट पडद्याकडं बघत राहिला. पावती उघडलीच नव्हती. मधोमध एक चौकट आली होती. मशीन बंद करून पुन्हा चालू करू का, एवढंच ती विचारत होती.

बाळासो पुढं झाले.

"कृष्णात, तिथं काय लिवलंय?"

कृष्णात पुढं वाकला. आणखी वाकला. नाक काचेला टेकायला आलं.

"वाचतो की, साहेब," तो म्हणाला. "वाचतो."

कुणीही त्याला घाई केली नाही.